रंगाखालची खूण

क्रेन म्हटलं की तुम्ही मान वर करता. बंदरावरची, उंच इमारतीच्या माथ्यावरची, आभाळात हात लांबवून उभी असलेली. मी तसली नाही. मला नीट बघायचं असेल तर खाटेवर आडवं पडावं लागतं. ते का, हे सांगायलाच आज बोलतेय.

मी घरगुती क्रेन. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अलगद उचलून खुर्चीत ठेवणारी. माझा जन्म एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एका भिंतीला लोखंड कापायचं टेबल होतं आणि दुसऱ्या भिंतीला कपडे वाळत घालायची दोरी. ठिणग्या उडायच्या तेव्हा आधी टॉवेल काढून घ्यावे लागायचे.

मला बनवणारे मालक कारखान्यात फिटर होते. त्यांची आई न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण आई उभ्या राहिल्या नाहीत. आई अंगानं भारदस्त, जीभ त्याहून. त्यांना उठवायचं काम मालकांच्या बायकोकडे. शेजारीपाजारी त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. चादरीची टोकं मुठीत धरून, देवाचं नाव घेत, त्या सासूला खाटेवरून खुर्चीत ओढून घ्यायच्या.

एकदा अशीच ओढाताण चालू असताना वहिनींच्या कमरेत उसण भरली. भिंतीला धरून त्या अर्ध्या वाकलेल्या राहिल्या.

"खाली काय शोधतेस गं?" आईंनी विचारलं.

"कंबर शोधतेय, आई. इथेच कुठेतरी होती."

वहिनी हसल्या, पण त्या दिवसापासून त्यांनी नेम धरला. आई बाहेर उन्हात जाऊन बसेपर्यंत चहात साखर घ्यायची नाही. कुणाला सांगितलं नाही. देवाला सांगितलं, तेवढं पुरे होतं. आणि त्याच आठवड्यात मालक भंगाराच्या बाजारातून चौकोनी पाइप खांद्यावर घालून आले.

माझे पाय एका जुन्या यंत्राच्या घोडीचे. चाकं दवाखान्याच्या मोडक्या ट्रॉलीची. हात वर उचलायला ट्रकचा जॅक, दांडी मारली की हात तसूभर वर जाणारा. झोळी जाड कापडाची, वहिनींनी दुहेरी शिवण घालून शिवलेली. आणि हाताच्या टोकाला, खालच्या अंगाला, जाड पट्टीची एक कडी. कडीत आकडा, आकड्यात झोळी, झोळीत माणूस. म्हणजे सगळा भार शेवटी त्या कडीवर.

मालकांची काम करायची एक रीत होती. वेल्डिंगचा टाका थंड झाला की वरची खपली हातोडीनं झाडायची, आरसा धरून टाका सगळ्या बाजूंनी बघायचा. शंका आली की खडूनं भोवती गोल काढायचा. तो टाका घासून पुन्हा घातला, की गोल स्वतःच्या अंगठ्यानं पुसायचा. अंगावर गोल आहे तोवर वस्तूला भार लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. कायदा पक्का होता, फक्त तो त्यांनी घरात कुणाला सांगितला नव्हता.

कडीचा टाका घालत होते तेव्हा आतून हाक आली. "अरे, उशी सरकली."

हात जरासा हलला. टाका वरून मण्यांच्या माळेसारखा दिसला, पण आत लोखंडात लोखंड मुरलं नाही. मला तेव्हाच कळलं. आपल्या अंगात कुठे पोकळी आहे हे ज्याचं त्याला कळतंच. मालकांनाही आरशात संशय आला. त्यांनी खडू घेतला आणि कडीच्या मुळाशी गोल काढला. माझा जीव भांड्यात पडला. उद्या हे दुरुस्त होणार.

पण त्यांना कारखान्यानं तातडीनं परगावच्या कामावर पाठवलं. गडबडीत पिशवी भरून ते निघून गेले.

मागे वहिनी राहिल्या, मी राहिले, आणि खिडकीच्या गजांना लावून उरलेला आकाशी रंगाचा डबा राहिला.

वहिनींना वाटलं, हे दमून येतील, तेवढं काम तरी आपण करून ठेवू. माझ्या अंगावर खडूच्या खुणा पुष्कळ होत्या. मापाच्या रेघा, बाण, आकडे. त्यांतच तो एक गोल. वहिनींनी रॉकेलचा बोळा घेतला आणि मला डोक्यापासून पायापर्यंत पुसलं. मग ब्रश बुडवला. दर फटकाऱ्याला त्या देवाचं एक नाव घेत होत्या. इतक्या मायेनं मला पुन्हा कुणी रंगवलेलं नाही. आणि त्या नावांबरोबर माझं दुखणं हळूहळू आकाशी होत गेलं.

मला तोंड असतं तर मी ओरडून त्यांचा ब्रश थांबवला असता.

मालक परत आले. शेडच्या दारात उभे राहिले. वहिनींच्या नाकावर रंगाचा ठिपका होता.

"सगळं पुसलंस?" त्यांनी विचारलं.

"पुसलं की. रॉकेलचा हात फिरवला. का हो, काही राहिलं का?"

मालकांनी कडीच्या मुळाशी अंगठा नेला. रंग गुळगुळीत होता. मग वहिनींच्या नाकाकडे बघून हसले आणि म्हणाले, "छान दिसतंय."

चांगल्या माणसांचं असंच होतं. समोरच्याचा हिरमोड करवत नाही.

मनाच्या समाधानासाठी त्यांनी मला सिमेंटच्या पोत्यांनी लादलं. आईंच्या वजनाहून कितीतरी जास्त. दुपारभर मी तो भार धरून उभी होते. काही झालं नाही. मालकांनी सुस्कारा टाकला, मीही टाकला. पण एकदा सोसणं वेगळं आणि रोज सोसणं वेगळं. हवं तर वहिनींच्या कमरेला विचारा.

पहिल्या दिवशी झोळीत बसताना आईंनी घर डोक्यावर घेतलं. "हळू रे. मी काय सिमेंटचं पोतं आहे?"

"पोतं बरं होतं," मालक म्हणाले. "गप्प बसलं होतं."

"या उंटावर बसायचं वय आहे का माझं?"

तेव्हापासून मी उंट झाले. बाईमाणूस असून उंट. पण आई बाहेर आल्या. दाराबाहेर पायरीपाशी ऊन येतं, तिथे खुर्चीत बसल्या. मग रस्त्यावरून जाणाऱ्या एकीला हाक मारून म्हणाल्या, "जिवंत आहे गं मी अजून."

वहिनींनी त्या दिवशी चहात साखर घातली. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं, इतकी सवय मोडली होती.

"म्हणजे साखर होती घरात?" आई म्हणाल्या. "मला वाटलं, माझा मुलगाच आणत नाही."

ते दिवस माझे सोन्याचे होते. पण रोज सकाळी जॅकची दांडी हलली की कडीच्या मुळाशी काहीतरी बारीक उसवायचं. माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही इतकं. मग रंगाला केसाएवढी चीर गेली, आणि चिरेतून गंजाचा तपकिरी धागा खाली उतरला.

उभ्या माणसाला कडी कडेनं दिसते. तिच्या मुळाशी काय आहे, ते खाली झोपलेल्यालाच दिसतं.

"सूनबाई, उंटाच्या हनुवटीला भेग आहे."

वहिनींनी उभ्याउभ्या वाकून बघितलं. "रंगाचा ओघळ आहे तो, आई. माझाच हात जड पडला असेल."

वहिनींचाही दोष नव्हता. आईंच्या तक्रारी रोज उगवायच्या. चहा निवला, पंखा कुरकुरतो, छतावर पाल आहे. पाल कधीच नसायची. यातली एकही तक्रार वहिनी मालकांपर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत. माणूस कामावरून थकून येतो, त्याच्या डोक्याला आणखी कशाला, असा त्यांचा विचार. भेगही त्याच चाळणीत अडकली.

मग एके सकाळी आई म्हणाल्या, "मला नाही जायचं उन्हात."

संध्याकाळी मुलानं समजूत घातली. आईंनी भिंतीकडे तोंड केलं. एकदा सांगून झालं होतं, ते सुनेनं ओघळ म्हणून उडवून लावलं होतं. पुन्हा सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला. मालकांना वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. माझ्या कडीची आठवण त्यांना झाली का, ते मला ठाऊक नाही. झाली असली तरी पोत्यांची आठवण तिच्या पाठोपाठ आली असेल.

आई पुन्हा खाटेच्या झाल्या. पाठीवर लाल चट्टे उठू लागले. वहिनींनी पुन्हा चादर हातात घेतली आणि पुन्हा साखर सोडली.

या खेपेला ते आईंच्या लक्षात आलं. खाटेवरून त्यांना ओट्याचा कोपरा दिसायचा. दोन कपांत साखर पडते, तिसऱ्यात नाही. त्या बघत राहिल्या. वहिनी कंबर धरून चहा घेऊन आल्या तेव्हा आई म्हणाल्या, "आण तो उंट."

"खरंच?"

"आण म्हटलं ना. तुझी साखर माझ्या डोक्यावर नको."

आईंना भेग ठाऊक होती. ती रोज लांबत गेली हेही ठाऊक होतं. तरी सुनेच्या कमरेसाठी त्या झोळीत बसायला निघाल्या होत्या. वहिनींनी झोळी त्यांच्या अंगाखाली सरकवली, आकडा अडकवला, जॅकला हात घातला. मी माझ्या लोखंडाला विनवत होते, आजचा दिवस धर. लोखंडाला विनवणी कळत नाही.

"थांब," आई म्हणाल्या. "आधी तू इथे झोप."

"कुठे?"

"माझ्या शेजारी. मी सरकते. खाट काय माझ्या एकटीची आहे?"

"चहा निवेल, आई."

"निवू दे. रोज निवलेलाच देतेस."

वहिनी आडव्या झाल्या. कदाचित कंबर टेकायला मिळाली म्हणूनही असेल. सासू आणि सून, एका उशीवर दोन डोकी. आईंनी झोळीतून हात काढला आणि बोट वर केलं.

"ओघळ रोज लांब होतो का गं?"

वहिनींनी बघितलं. मी जन्मल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला खालून बघितलं. मग उठून आधी आकडा सोडवला.

मालक कामावरून आले, कपडेही न बदलता ग्राइंडर घेऊन बसले. आकाशी रंग उडाला. भेग कडीच्या मुळाशी अर्ध्याहून पुढे गेली होती. त्यांनी ग्राइंडर बंद केला आणि शेडमध्ये एकदम शांत झालं.

"मी पुसलं ना तुमचं काहीतरी?" वहिनी म्हणाल्या.

"मला आठवत होतं," मालक म्हणाले. "तुझ्या नाकाला रंग लागला होता."

आतून आवाज आला. "दोघं गप्प का? मेलंय का कुणी? चहा टाका कुणीतरी. तिन्ही कपांत साखर घालून."

मालकांनी ती कडी कापून काढली. नवी कडी नुसती चिकटवली नाही. पाइपला आरपार चीर पाडली, तीतून कडी घातली आणि दोन्ही बाजूंनी टाके दिले. त्या जागेला पुन्हा रंग लावला नाही. तेलाचा हात फिरवला, लोखंड उघडं ठेवलं, म्हणजे काही झालं तर दिसेल. तरी मालक मला पुन्हा पूर्वीसारखे दिसले नाहीत. कामावर जाण्याआधी ते आरसा घेऊन खाली वाकायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे आणि पुन्हा वाकायचे. जो हात डोळे मिटून टाका घालायचा, त्या हातावरचा त्यांचा विश्वास थोडा उडाला, तो उडालाच.

वहिनींनी मात्र नवा नेम धरला. रोज झोळी बांधण्याआधी सासूच्या शेजारी घटकाभर आडवं व्हायचं आणि वर बघायचं. देवाचं नाव तेच. पूर्वी ते ब्रशबरोबर यायचं, आता डोळ्यांबरोबर येऊ लागलं. कधी कधी दोघी तशाच गप्पा मारत पडायच्या आणि ऊन सरकून जायचं.

आई गेल्या त्या झोपेत, आपल्या खाटेवर. माझ्यात नाही. यासाठी मी देवाची ऋणी आहे.

मग बरेच दिवस मी शेडमध्ये जुन्या चादरीखाली उभी होते. परवा पलीकडच्या वस्तीतून एक जोडपं आलं. त्यांचे वडील अर्धांगवायूनं पडून आहेत. सुनेचे डोळे तसेच दमलेले, कमरेवर हात तसाच. वहिनींनी मला काही न घेता देऊन टाकलं.

त्या सुनेनं माझ्या हाताच्या टोकाला बोट लावलं. "इथला रंग गेलाय. घरी गेल्यावर एक हात मारून घेईन."

"नका मारू," वहिनी म्हणाल्या. "तेल लावा. आणि हे बघा, वडील म्हणाले की वर काहीतरी दिसतंय, तर त्यांच्या उशीशी डोकं टेकून बघा. उभ्यानं नाही."

"हो हो," ती म्हणाली.

टेम्पोत मला दोरीनं बांधलं. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या कडीला हात लावला आणि ओठ हलवले. कुठलं नाव घेतलं, ते मला पाठ आहे.

आता मी नव्या घरी आहे. इथले वडील बोलू शकत नाहीत, फक्त बघतात. माझ्यासारखेच. माझं मागणं एवढंच आहे. ज्याला तुम्ही उचलता, त्याची कुरकुर एकदा त्याच्या जागेवरून ऐका. मला सजवू नका, मला बघा.

या खोलीत, खाटेच्या पायथ्याशी एक फळी आहे. तिच्यावर पिवळ्या रंगाचा छोटा डबा आणि नवा ब्रश ठेवलेला आहे. वडिलांची नजर माझ्या कडीवरून त्या डब्याकडे जाते आणि परत कडीवर येते. आज सकाळी सून त्यांचं पांघरूण सारखं करताना थांबली, त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि त्यांच्या उशीकडे जरा वाकली.

डब्याचं झाकण अजून उघडलेलं नाही.