चांदीचे खवले

साडेपाचला संयोगिताने बंब पेटवला, म्हशीला वैरण टाकली आणि चहाचे आधण ठेवले. सहाला सासूबाईंच्या, शालूबाईंच्या, हातात कपबशी दिली. सव्वासहाला ती परसातल्या सिमेंटच्या हौदावर आली, तेव्हा तासगावला जाणारी पहिली एसटी फाट्यावर थांबून पुढे गेल्याचा आवाज आला. तिच्या सुपात आठ लाकडी मासे होते. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे, बोटाएवढे. तोंडाशी प्लॅस्टिकची छोटी जीभ, पोटाखाली गळ. एकेक मासा तंगुसाच्या नायलॉन दोऱ्याला बांधून ती पाण्यात सोडी आणि हौदाच्या कडेने चालत ओढी. जिभेने पाणी कापले की मासा डावीउजवीकडे अंग टाकत, जखमी असल्यासारखा पोहे. शिकारी मरळ अशाच आमिषावर झडप घालते आणि गळाला लागते. जो सरळ पोहे त्याची जीभ तापवून वाकवायची आणि पुन्हा पाण्यात सोडायचा.

प्रत्येकाच्या पोटात सायकलच्या बेअरिंगचे तीन छर्रे होते. ते खुळखुळत. हा आवाज संयोगिताला हौदातून आल्यासारखा कधीच वाटला नाही. तो पाठीमागून, घरातून येई. त्याही दिवशी तिने वळून पाहिले. माजघराचे दार उघडे होते आणि आत भिंतीशी काळी ट्रंक होती.

ट्रंक तिच्या नवऱ्याची, विश्वजीतची. झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचे नाव आणि पलटणीचा नंबर होता. आसामात असताना एका सोबत्याकडून तो हे मासे कोरायला शिकला. हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आल्यावर द्राक्षबागेतून उरलेला वेळ तो यातच घालवी आणि झालेले मासे मित्रांना वाटून टाकी. सांगलीत कृष्णेवर कुणीतरी त्याच्या माशावर धरलेल्या मरळीचा फोटो मोबाइलवर फिरवला, आणि अनोळखी माणसे मासे मागू लागली.

खवल्यांची युक्ती त्याचीच होती. काही गोळ्यांच्या पाकिटांना दोन्ही बाजूंनी पातळ पत्रा असतो आणि त्यावर बारीक चौकटींची नक्षी उठलेली असते. तो माशाच्या अंगावर चिकटवून वर व्हार्निशचा हात दिला की हुबेहूब खवले दिसत. हृदयाच्या पहिल्या झटक्यानंतर घरात अशी पाकिटे महिन्याच्या महिन्याला येऊ लागली, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "बघ, आजारालाबी कामाला लावलं."

मात्र अंगठ्याने गोळी काढली की पत्रा फाटे. अखंड पत्रा हवा असेल तर कड ब्लेडने कापून गोळ्या आधीच काढाव्या लागत. गेल्या वर्षीच्या श्रावणात चाळीस माशांची मागणी आली, तेव्हा संयोगितानेच महिन्याभराची सगळी पाकिटे एका बैठकीत कापली आणि गोळ्या एका काचेच्या बरणीत भरल्या. सकाळची गोळी रक्त पातळ ठेवण्याची, रात्रीची रक्तदाबाची. दोन्ही पांढऱ्या, आकाराने सारख्या. रक्तदाबाच्या गोळीवर मधोमध रेघ होती, आणि तेवढी खूण तिला पुरेशी वाटली. विश्वजीत गोळ्या चष्म्याविना घेई.

बरणी भरल्यापासून एकविसाव्या दिवसानंतर, बाविसाव्याच्या पहाटे, तो बागेत कोसळला. तेरावा झाल्यावर तिने बरणी ताटात ओतली. अठरा गोळ्या उरल्या होत्या. दोन्ही जातींच्या नऊ नऊ हव्या होत्या. रेघेची एकच होती. म्हणजे कित्येक दिवस त्याने रक्तदाबाच्याच दोन दोन गोळ्या घेतल्या होत्या आणि दुसरी पोटात गेलीच नव्हती.

त्यामुळेच तो गेला का, हे सांगणे कदाचित कुणालाच जमले नसते. तिने कुणाला विचारले नाही. बरणी तिने ट्रंकेत, कानशींच्या खाली ठेवली. शालूबाई मात्र आल्यागेल्याला सांगत, "मीच त्याला फवाऱ्याचा पंप उचलाय लावला पहाटंचा. न्हाईतर माझा लेक जात नव्हता." चौदा महिने संयोगिता हे ऐकत होती आणि चौदा महिने गप्प होती. त्याच काळात मासे कोरताना तिचा हात मात्र त्याच्या हातासारखा वळू लागला होता.

नऊच्या सुमारास जयराजचा फोन आला. साताऱ्यात त्याचे गळ-तंगुसाचे दुकान होते.

"वहिनी, दोनशे मासं पायजेत. दिवाळीआधी. आन नमुना पसंत पडला तर दर म्हयन्याला."

"दोनशे?"

"व्हय. पण चांदीवालंच. त्या खवल्यावर ऊन पडलं की मरळ येडी हुती म्हनत्यात पोरं."

"एवढी पाकिटं आणू कुठनं?"

"आवं, निम्मा जिल्हा गोळ्यांवर जगतोय! तुमी व्हय म्हना नुसतं."

ती हो म्हणाली. सांगलीला कॉलेजात असलेल्या सृष्टीला, तिच्या मुलीला, फोन केला तर ती आनंदाने ओरडलीच. विश्वजीतच्या फावल्या वेळाच्या छंदाचा आज धंदा झाला होता. शालूबाई उंबऱ्यात बसून हे ऐकत होत्या. त्यांनी उठून चपला घातल्या.

तासाभराने त्या परतल्या तेव्हा पदराचा ओचा गोळ्यांच्या पाकिटांनी भरला होता. "घे, आख्ख्या आळीचा बीपी आनलाय," असे म्हणत त्यांनी पाकिटे सतरंजीवर ओतली. "शेजारची धोंडुबाई इचारती, तिचा म्हातारा रोज एकच गोळी खातोय, दोन खायाला सांगू काय तुमच्या माशांसाटी!"

संयोगिता हसली. मग तिचे हसणे थांबले. फाटक्या पाकिटांत चार पत्रे अखंड होते. कडा सरळ कापलेल्या.

"आत्या, ही कुणाची?"

"माजीच की. रिकामी व्हायची वाट कशापायी बघायची?"

"आन गोळ्या?"

"हायत. पानाच्या डबीत." शालूबाईंनी कनवटीची डबी काढून कानाशी हलवली. आतून बारीक खुळखुळ झाली. "तू विश्वजीतच्या काढायचीस तशाच काढल्या. बघून ठेवलं हुतं मी. धोंडुबाईलाबी दावलंय आता, ब्लेड कसं धरायचं."

संयोगिताने डबी घेऊन उघडली. आत दोन जातींच्या गोळ्या होत्या. दोन्ही पांढऱ्या.

"आजची घेतली?"

"घेतली की."

"कोणची?"

"पांढरी," शालूबाई म्हणाल्या.

संयोगिताने डबी मिटली. गोळ्यांवरची अक्षरे वाचून त्या वेगळ्या करणे अवघड नव्हते. धोंडुबाईला काहीतरी कारण सांगता आले असते. दोनशे मासे झाले असते आणि बरणी ट्रंकेत राहिली असती. पण तिला दिसू लागले ते हौदातले मासे, जखमी चालीचे, अंगावर अखंड खवले घेतलेले. आणि एकेका खवल्यामागे कुठल्यातरी घरातली उघडी डबी.

ती उठली, ट्रंक उघडली आणि कानशी बाजूला केल्या. बरणी आणून तिने सासूच्या पुढ्यात ठेवली.

"आत्या, पंपानं काय झालं न्हाई," ती म्हणाली. "मी सांगते ते ऐका."

तिने सगळे सांगितले. ब्लेड, बरणी, अठरा गोळ्या, रेघेची एक. सांगताना ती रडली नाही. आवाज तेवढा हळू होता, आणि शालूबाईंना पुढे वाकून ऐकावे लागले.

शालूबाईंनी बरणी हातात घेतली. उजेडाकडे धरली. 

"म्हनून गप असायचीस व्हय तू, मी पंपाचं बोलाय लागले की."

"व्हय."

"चौदा म्हयनं बोलू दिलंस मला."

गोठ्यात म्हैस हंबरली, तरी दोघींपैकी कुणी उठले नाही. शेवटी शालूबाईंनी बरणी खाली ठेवली, पदराने तिची काच पुसली आणि म्हणाल्या, "पंप उचलाय मीच सांगितला हुता. ते काय खोटं न्हाई. तेवढं माझं माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

संयोगिताने जयराजला फोन लावला.

"चांदीचे होणार नाहीत, भाऊजी. जाळीवरनं रंग मारून खवले उठवते. दोन नमुने पाठवते."

"आन न्हाई पसंत पडलं तर?"

"तर नका घेऊ."

"धाडा," तो म्हणाला.

बाराच्या एसटीने दोघी तासगावला गेल्या. जाताना धोंडुबाईच्या दारात थांबून संयोगिताने तिची पाकिटे आणि गोळ्या मागून घेतल्या, आणि का, तेही उभ्या उभ्या सांगितले. औषधाच्या दुकानात तिने काउंटरवर सासूची डबी, धोंडुबाईची डबी आणि बरणी ठेवली. दोन्ही डब्यांतल्या गोळ्या निवडून द्यायला सांगितले. बरणीबद्दल दुकानदाराने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "ह्या टाकून द्या."

संध्याकाळी ती हौदावर बसली. सकाळच्या आठ माशांचे पत्रे तिने चाकूने एकेक करून खरवडून काढले. पाखरांपासून घड वाचवायला बागेवर अंथरतात त्या जाळीचा एक तुकडा कापून पहिल्या माशावर ताणला आणि वरून करडा रंग फवारला. जाळी उचलली तेव्हा खवले उठले होते, मंद, न चमकणारे. तो वाळत ठेवून तिने दुसरा घेतला. पोटातले छर्रे मात्र तिने कुठल्याच माशातून काढले नाहीत.