फरक शून्य

मीटरच्या जागी आता नुसती लोखंडी चकती होती — चार बोल्टांनी आवळलेली, वरचा हिरवा रंग अजून ओला. मीटर दुरुस्तीला गेलं तर पाइपाचं भोक बुजवायलाच हवं, त्यात काही चुकलं नव्हतं. तरी मिताली चकतीकडेच पाहत राहिली. रसमड्याच्या या कारखान्यात भट्टीभोवती फिरणाऱ्या पाण्याची राखण तिच्याकडे. आत जाणारं पाणी एक मीटर मोजायचं, बाहेर येणारं दुसरं, आणि दोघांचं पटेनासं झालं की कुठंतरी पाणी मुरतंय हे कळायचं.

"मॅडम, फरक झीरो आहे. सब ठीक," तिच्या हाताखालचा शुभंकर म्हणाला. दुसरं मीटर नाही म्हणून धोक्याचा भोंगा सारखा कोकलत होता, तेव्हा त्यानं शक्कल लढवून पहिल्याचाच आकडा दुसऱ्याच्या जागी जोडून दिला होता.

"म्हणजे पहिल्याले पहिल्यासोबतच ताडून राहिला तू. शून्यच येईन न."

राग यायला हवा होता, आला नाही. आई गेल्यापासून काही येतच नव्हतं — रडू नाही, भूक नाही. नेहरू नगरच्या घरी नवरा, केदार, बोलायचा ते ऐकू यायचं पण पोचायचं नाही. लोक म्हणाले, पोरगी धीराची आहे. तिनंही मान डोलावली, सांगायचं तरी काय... रविवारी पद्मनाभपूरला एकट्या राहणाऱ्या बाबांचा सदरा खांद्यावरून उतरत होता. धुऊन सैल झाला, म्हणाले. तिनं मानलं. सुती कापड धुतल्यावर आटतं, सैल होत नाही, हे तिला आत्ता आठवलं, पंपाच्या घरघरीत उभं असताना. ती बाहेर मोकळ्यावर आली आणि तिनं फोन लावला.

"बाबा, जेवले का?"

"जेवलो न. मस्त आहो मी. तू कायले काळजी करून राहिली?"

आणि ती थांबली, सवयीनं. बाबांच्या प्रत्येक 'जेवलो'मागून स्वयंपाकघरातून आई ओरडायची — कुठचे जेवले, दोन घासांत ताट सरकवलं, गोळीचं विचार त्यायले! — मग बाबा चिडायचे, आणि त्या दोघांच्या भांडणातून लेकीला खरं काय ते कळायचं. आता मागं कुणी नव्हतं. इतके महिने ती बाबांबद्दल बाबांनाच विचारत होती, आणि केदारला सांगत होती, बाबा मजेत आहेत.

"अन् तू? बरी आहे न तू?"

"हो बाबा."

यावर तेही थांबले, तिच्या मागून कुणी खरं सांगतंय का याची वाट पाहिल्यासारखे. केदारला विचारा, असं तिला म्हणता आलं असतं. पण आपण बऱ्या आहोत हे केदारलाही तीच सांगत आली होती. पलीकडून बाबांचा श्वास ऐकू येत होता — लागलेला, जिना चढून आल्यासारखा... आणि घर तर तळमजल्यावरचं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच मितालीला काहीतरी जाणवलं. भीती होती ती, साधी, गार. ती जाईना, आणि तिनं ती जाऊही दिली नाही.