टोपलीचा कठडा

बोरिवलीच्या मैदानात दोराला बांधलेला गरम हवेचा बलून आला होता. मी दोन्ही मुलांना आणि त्यांच्या आजीला घेऊन गेले. ज्याला टोपलीच्या कठड्यावरून बाहेर दिसतं त्यालाच चढू देतात, हे मी वाचलं होतं. म्हणून नऊ वर्षांच्या प्रांजलला मुद्दाम जाड तळाचे बूट घातले. वाढीची इंजेक्शनं वर्षभर चालू आहेत, थोडी तरी उंची वाढली असेलच ना!

"बूट काढा, मॅडम," तिथला माणूस म्हणाला.

प्रांजल खांबावरच्या उंचीच्या खुणेच्या बरीच खाली राहिली. तिचा धाकटा भाऊ यज्ञेश मात्र पास झाला.

"ह्याच्यासोबत मोठं कुणीतरी लागेल," तो माणूस म्हणाला.

"जा ना गं आई," प्रांजल म्हणाली, "मी थांबते आजीजवळ. मला सवय आहे."

टोपली वर निघाली. यज्ञेश "ताई, ताई!" ओरडत होता. मला खालच्या गर्दीत ती दिसेचना.