गोडदेवच्या कदंबाचं दुखणं

मी एक जुना लाकडी हातोडा आहे. बाभळीचा. डोकं एका बाजूनं चेपलेलं, पण कान अजून शाबूत.

मित्रांनो, पाली या कोळीगावाच्या किनाऱ्यावर माझा मालक बॉस्को होड्या दुरुस्त करायचा. फळी ठोकून कुजकी ओळखायची, हे आम्हा दोघांचं काम. निरोगी फळी ठणकन बोलते, कुजकी भदभद करते. तो भदभद आवाज आला की किनाऱ्यावरच्या बायका गप्प व्हायच्या. त्याच होडीतून त्यांचे नवरे समुद्रात जायचे ना! मग फायबरच्या होड्या आल्या आणि मी पलंगाखाली गेलो. चार वर्षं माझी विचारपूस फक्त झुरळांनी केली.

यंदा मार्चमध्ये बॉस्कोची बहीण ॲग्नेस हिनं आम्हाला गोडदेवला बोलावलं. तिथे रस्त्याकडेच्या कदंबाखाली ती मासे विकते. कदंबाची पानं कडांनी करपली होती, जणू एकेक पान कुणी मेणबत्तीवर धरलं असावं. खाली एवढे मासे, पण फांदीवर एक कावळा बसेना. बुंध्यावर लाल फुली होती.

झाडं तोडणाऱ्या ठेकेदाराचा माणूस नीलेश म्हणाला, "अंकल, आतून पोकळ असणार. कुणाच्या रिक्षावर पडलं तर? सोमवारी कापतोय."

"आन मी बसू कुठं? तुझ्या डोक्यावर?" ॲग्नेस भडकली. "वीस वर्सं हिथं हाय मी."

बॉस्कोनं मला बुंध्यावर मारलं. भदभद ऐकू येईल म्हणून मी धास्तावलो होतो. पण ठण! खाली, वर, मागे, सगळीकडे ठण. उलट त्यानंच मला जास्त भीती वाटली. रोग खोडात नाही, मग याला मारतंय कोण?

तेवढ्यात ॲग्नेसनं सवयीनं खोक्यातलं वितळलेल्या बर्फाचं पाणी मुळाशी ओतलं. बॉस्कोनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकला.

"बर्फात मीठ घालतेस?"

"घालते की, दिवाळीपासनं. मासली टिकते. आन आई न्हाय का माडाला मासल्याचं पाणी घालायची?"

"माड खाऱ्यातला हाय, बये. ह्यो न्हाय. तूच मारतेस त्याला. रोज."

ॲग्नेसच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. नीलेशनं हळूच करवत पाठीमागे नेली. "पंधरा दिवस थांबतो, मावशी," तो म्हणाला.

बॉस्कोनं खारट माती उकरून काढली, नवी भरली. ॲग्नेस रोज कॅन भरभरून गोडं पाणी घाली. तरी पानं गळतच राहिली. चौदाव्या दिवशी झाड उघडंबोडकं झालं. पंधराव्या सकाळी नीलेश शिडी घेऊन आला. ॲग्नेसनं पाठ फिरवली.

"मावशी, कोंब!" तो वरून ओरडला. "दोन... नाही, तीन!"

त्यानं वाळक्या फांद्या तेवढ्या कापल्या. अर्धं झाड गेलं. ॲग्नेस डोक्यावर पदर घेऊन उन्हातच बसली.

उरलेलं अर्धं जगेल का, ते मलाही ठाऊक नाही. पण मित्रांनो, माया करताना आधी विचारत जा, तुला हे चालतं का? झाडं उत्तर देतात. फक्त फार हळू देतात, आणि तोवर आपण ओतत असतो.