रांजण धुतला नव्हता

बोलायला उभा राहिला आणि शब्द सापडेना, असं अंझोरच्या बाबतीत अलाझानी नदीच्या खोऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं. लग्न असो, बारसं असो, नाहीतर मयताचं जेवण, पंगतीचा तमादा अंझोरच. तमादा पेला उचलून बोलल्याशिवाय कुणी घोट घ्यायचा नाही, ही रीत. आणि अंझोर बोलला की डोळे पुसल्याशिवाय तो घोट खाली उतरायचा नाही. गेलेल्या माणसांबद्दल तो असं काही बोले की जिवंतांना त्यांचा हेवा वाटावा.

दर पंगतीत चौथ्या-पाचव्या पेल्याच्या सुमारास तो स्वतःवर येई. पुढच्या वर्षी बापाच्या मारानीतली वाइन तुम्हा सगळ्यांना पाजीन, असं छातीवर हात ठेवून सांगे. ही मारानी म्हणजे घरामागची, जमिनीत रांजण पुरलेली खोली. बाप जाऊन अठरा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून तिथं अंझोरच्या बायकोच्या, लामाराच्या, कोंबड्या अंडी घालत होत्या. बापाचे रांजण तडकले ते तडकलेलेच राहिले. एका वर्षी गारपीट झाली, एका वर्षी कंबर धरली, एका वर्षी मेव्हण्यानं ट्रॅक्टर दिला नाही. दरवेळी कुणीतरी आडवं येई, आणि ते कुणीतरी अंझोर स्वतः कधीच नसे. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पण कढी अशी फर्मास की उपाशी राहिल्याची तक्रार कुणी करत नव्हतं.

मग नातेलाचं, त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न ठरलं. तिनं बापाकडे एकच गोष्ट मागितली. माझ्या लग्नात तरी आपल्या घरची वाइन असू दे, म्हणाली. अंझोरनं तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला, आणि आश्चर्य म्हणजे या वेळी तो खरंच उठला. नदीपलीकडे नोदारकाकांकडे जाऊन त्यानं नवा रांजण सांगितला.

नोदारकाका शहात्तर वर्षांचे. मातीच्या वळकट्या एकीवर एक चढवत पुरुषभर उंचीचा रांजण ते तीन महिन्यांत उभा करत, आणि भट्टीतून निघालेला रांजण पुरताना खड्ड्याशी स्वतः हजर राहत. अंझोरकडेही ते ऑगस्टात आले. रांजण बसला तशी त्यांनी सूचना दिली, जी ते चाळीस वर्षं प्रत्येकाला देत आले होते. चुन्याचं पाणी भर, तीन-तीन दिवसांनी बदल. मग आत उतरून चेरीच्या सालीच्या कुंच्यानं घास. पुन्हा पाणी, पुन्हा घास.

"आणि शेवटचं पाणी घोटभर पिऊन बघ," ते म्हणाले. "पिववलं, तर रांजण धुतला. नाही पिववलं, तर पुन्हा उतर आत."

अंझोरनं पाणी भरलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण सप्टेंबर आला म्हणजे गावोगावी द्राक्षतोडणी, आणि तोडणी म्हणजे घरोघरी पंगत. तमादाशिवाय पंगत कशी होणार? आज शेजारच्या जुंबेरकडे, उद्या सरपंचाकडे. पाणी उद्या बदलू. लामारानं दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा ती म्हणाली की तुला जमत नसेल तर मी उतरते आत. तेव्हा मात्र अंझोर चिडला. रांजण धुणं हे घरधन्याचं काम आहे, बाईमाणसानं त्यात पडू नये, असं त्यानं सुनावलं. घरधनी दुपारी जेवून झोपला आणि संध्याकाळी दुसऱ्या पंगतीला गेला.

सहा आठवड्यांनी द्राक्षांच्या पेट्या दारात आल्या आणि त्यानं झाकण उचललं. पाणी हिरवं झालं होतं, वासानं डोकं मागं घ्यावं लागलं. पेट्या उन्हात होत्या आणि त्या थांबणार नव्हत्या. त्यानं पाणी उपसलं, वरूनच नळी सोडून अर्धा तास धार मारली. मग वाकून बघितलं. तळाशी काळसर थर होता. तो त्याला स्पष्ट दिसला. आत उतरायचं तर दुपार गेली असती. "वाइन सगळं मारते," असं तो स्वतःशीच म्हणाला आणि द्राक्षं ओतून मोकळा झाला.

ईस्टरनंतर लग्न झालं. नवरीच्या बापानं पाहुण्यांसमोर रांजण उघडायचा, हा मान. वऱ्हाड मारानीत दाटीनं उभं राहिलं. झाकणावरची माती खरवडताना अंझोर बापाच्या हातांबद्दल, मुळांबद्दल, लेकीबद्दल असं बोलला की व्याह्यांनी रुमाल काढला. मग त्यानं ओगराळं बुडवलं आणि पहिला पेला व्याह्यांना दिला. व्याही भला माणूस. त्यांनी घोट तोंडात धरला, कसाबसा गिळला आणि पेला हळूच फळीवर ठेवला. तोवर वास सगळ्यांपर्यंत पोचला होता. आत वाइनचा निव्वळ आंबट शिर्का झाला होता. पांढऱ्या पोशाखातली नातेला बापाकडे बघत राहिली.

तेव्हा त्याच्या तोंडून जे निघालं ते त्यानं ठरवून म्हटलं नव्हतं. पण जिभेला हाड नसतं, आणि त्याची जीभ तर आयुष्यभर तालमीतली.

"रांजण कच्चा भाजलाय," तो म्हणाला. "नोदारकाका थकले आता. मी सांगणार नव्हतो, पण माती नासकीच होती."

नाचता येईना अंगण वाकडं. पण अंगणाच्या मालकाला बोलावून कोण विचारतो? नोदारकाका गुडघ्यांमुळे लग्नाला आलेच नव्हते. लोक हळहळले. शेजारच्या जुंबेरनं स्वतःच्या रांजणातली वाइन मडकी भरभरून आणली आणि लग्न साजरं झालं. आठवड्याभरात जुंबेरनं नोदारकाकांना सांगितलेले दोन रांजण नको म्हणून कळवलं. त्याच्या मागोमाग आणखी चार घरांनी कळवलं.

दहाव्या दिवशी नोदारकाका काठी टेकत अंझोरच्या दारात आले. रांजण बघू दे म्हणाले. मारानीत गुडघ्यांवर बसून त्यांनी रांजणाच्या तोंडात हात घातला, आतली कड चाचपली, बोटांच्या पेरांनी ठोकून कान लावला. रांजण धुतला होता का, हे त्यांनी विचारलंच नाही. न धुता कुणी द्राक्षं भरेल हे त्यांच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

"आवाज तर बरा येतोय," ते म्हणाले. "पण माझ्या कानांचं आता काय खरं. माती वरच्या खाणीतली होती या खेपेला. माझंच चुकलं असणार. पोरीच्या लग्नात तुझी मान खाली गेली, बाळा, माझ्यामुळं."

आत्ता सांगावं, हीच वेळ आहे, हे अंझोरला कळत होतं. तो म्हणाला, "जाऊ द्या काका. होतं असं कधीकधी."

म्हाताऱ्यानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि काठी शोधत निघून गेला. लामारा दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं राजम्याचं वाडगं आणि भाकरी त्याच्यापुढे ठेवली आणि समोर न बसता उभीच राहिली.

"तू त्यांना माफ केलंस," ती म्हणाली.

अंझोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं ठरवलं की आता सांगायचंच, आणि चारचौघांत सांगायचं. संत जॉर्जचा सण तोंडावर होता. देवळाच्या आवारात सगळं गाव जेवायला बसणार होतं. त्यानं दोन दिवस शब्द जुळवले. लामाराच्या ते लक्षात आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की सांगायचं तर सांग, पण हातात पेला घेऊन सांगू नकोस. त्याला तिचं म्हणणं नीटसं कळलं नाही. पेल्याशिवाय बोलतात कसं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

सणाच्या दिवशी तो उठला. पेला उंच धरला आणि बोलला. मातीबद्दल बोलला, मातीला आकार देणाऱ्या हातांबद्दल बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला की त्या हातांचा काही दोष नव्हता. दोष माझा, रांजण मी धुतला नव्हता. मग जुंबेर ओल्या डोळ्यांनी उठला.

"बघा रे, माणूस बघा," तो म्हणाला. "म्हाताऱ्याची अब्रू राखायला स्वतःच्या डोक्यावर घेतोय. आहे का कुणाची एवढी छाती?"

बाकावरचे सगळे उभे राहिले. अंझोर म्हणाला, अरे, मी खरं सांगतोय. त्यावर लोकांना आणखी गहिवर आला. कुणी खांदे धरले, कुणी गालाचे मुके घेतले. तमादाचं खरं ते पंगतीपुरतं, हे त्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही जाणतं, आणि अंझोरनंच तीस वर्षं त्यांना ते शिकवलं होतं. आणि लाजेची गोष्ट पुढंच आहे. ते कौतुक त्याला गोड लागलं. आपण सांगून टाकलं, आता लोक जाणोत, असं मनाशी म्हणून त्यानं पेला तळापर्यंत रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लामारा दुकानातून बातमी घेऊन आली. नोदारकाकांनी भट्टीचं तोंड विटांनी बंद केलं होतं. अंझोरनं टोपी घेतली आणि नदीपलीकडची गाडी पकडली.

काकांच्या अंगणात तो फाटकाशीच थबकला. खापऱ्यांचा ढीग पडला होता. एकेक खापरी हातभर रुंद, आतून नुकतं मेण दिलेली. काका पायरीवर बसून भाकरी खात होते. त्यांनी सरकून त्याला जागा केली.

"काल बोललास म्हणे माझ्यासाठी," ते म्हणाले. "जुंबेरनं फोन केला होता. मोठं मन आहे तुझं."

"त्यानं त्याचे रांजण परत सांगितले का?"

"छे. तो कशाला सांगेल? तू चांगलं बोललास, एवढंच कळवलं त्यानं." त्यांनी ढिगाकडे मान हलवली. "त्याच मातीचे आणखी तीन होते. म्हटलं, कुणाच्या घरी जाऊन पुन्हा फजिती नको."

अंझोर बसला नाही. त्यानं तोंड उघडलं. गुळगुळीत वाक्यं सवयीनं जिभेवर आली आणि त्यातलं एकही त्याला वापरवेना.

"काका, मी रांजण धुतला नव्हता."

"हो, तेच म्हणालास म्हणे."

"नाही, ऐका. तुम्ही गेल्यावर पाणी भरलं ते सहा आठवडे तसंच ठेवलं. हिरवं झालं होतं. मी आत उतरलोच नाही. वरून नळी मारली. तळाशी घाण दिसत होती मला, काका. दिसत असताना द्राक्षं ओतली."

काकांचा घास हातातच राहिला. त्यांनी विचारलं, "शेवटचं पाणी प्यायलास?"

"नाही."

काका उठले. ढिगापाशी जाऊन त्यांनी एक खापरी उचलली, बोटांच्या पेरांनी ठोकली आणि कान लावून ऐकलं. मग ती होती तिथेच परत ठेवली.

"म्हणजे हे तिन्ही चांगले होते," ते म्हणाले.

अंझोर काहीतरी बोलू लागला. भट्टी मी उघडून देतो, माती मी वाहतो, असंच काहीसं. काकांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. त्या हातात अजून भाकरीचा तुकडा होता. मग ते घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दार आपटलं नाही, साधं लावलं. अंझोर थोडा वेळ अंगणात उभा राहिला. त्याला कुणी जा म्हणालं नव्हतं, काय कर हेही कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही उरलंही नव्हतं, आता काय करायचं ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

नदीअलीकडे जुंबेर आपल्या ओट्यावर कांदे निवडत बसला होता. अंझोरला फाटकातून येताना बघून त्यानं खुशीत हाक मारली, घरात वळून दोन पेले मागवले, स्वतः भरले आणि एक पुढे केला. भरल्या दुपारी घरी आलेल्या माणसाला तसंच बसवणं त्याच्या घरात होत नसे.

"आधी ऐक," अंझोर म्हणाला.

"घे तर खरं. कोरड्या घशानं तू काय बोलणार?"

"कोरड्याच घशानं सांगायचंय. कालचं खरं होतं, जुंबेर."

जुंबेर हसला. "अरे हो, माहीत आहे. आख्खं गाव रडलं."

"रांजण चांगला होता. मी तो धुतला नाही. आळस केला, आणि लग्नात सगळ्यांसमोर म्हाताऱ्याच्या नावावर ढकललं. तू तुझे दोन रांजण नको म्हणालास ते माझ्या खोटेपणामुळं. काकांनी त्यांचे तीन रांजण फोडून टाकले. चांगले होते ते. मी आत्ता बघून आलो."

जुंबेर हसत होता तो हळूहळू थांबला. अंझोरच्या तोंडाकडे तो बघत राहिला, वाक्याचा शेवट अजून यायचा असावा तसा. पण पुढे काही आलं नाही. अंझोर दोन्ही हात खाली सोडून नुसता उभा होता.

"तुझ्या पोरीला माहीत आहे?" जुंबेरनं विचारलं.

"नाही. आधी रांजण नको म्हणालेली पाच घरं. तुझं पहिलं. मग तिच्याकडे जाणार."

जुंबेरनं पुढे केलेला पेला मागं घेतला आणि आपल्या बाजूला ओट्यावर ठेवला. पुन्हा कांद्यांकडे वळत, वर न बघता तो म्हणाला, "मग जा. चार राहिलीत."

अंझोर फाटकाकडे निघाला. या वेळी आपलं म्हणणं खरं धरलं गेलं आहे, हे त्याला कळलं होतं.