शैलाबाईंच्या फळ्यावरचं वाक्य

मी एक जुना लाकडी फळा आहे, मित्रांनो. लोणी काळभोरच्या गेनबा सुताराने मला घडवलं, काळा रंग दिला आणि टेम्पोत घालून सदाशिव पेठेत धाडलं. तिथे शैलाबाई घरीच फ्रेंचचे वर्ग घ्यायच्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत मी सत्तावीस वर्षं भिंतीवर आहे.

फ्रेंचमधला एक भूतकाळ बाईंचा भारी लाडका. एकदा घडलं आणि संपलं, त्यासाठी तो नाही. जे रोज घडायचं, चालत राहायचं, त्यासाठी तो. करायची रीतही सोपी. 'नू पार्लों' म्हणजे आम्ही बोलतो. त्यातला शेवटचा 'ओं' छाटायचा आणि उरलेल्या 'पार्ल'ला नवी शेपटी जोडायची. 'ज पार्ले', मी बोलायचो. "क्रियापद कुठलंही घ्या, शेपट्या ह्याच सहा," बाई म्हणायच्या. "घोकून टाका, जन्मभर पुरतील."

मुलं उदाहरणं घरचीच द्यायची. आजोबा पान खायचे, आम्ही कात्रजला राहायचो. खडूच्या धुळीने माझं अंग भरून जायचं. काय सुख होतं ते!

गेल्या वर्षी एका शनिवारी बाईंनी माझ्यावर ठसठशीत अक्षरात फ्रेंचमध्ये लिहिलं, "दशरथ रोज चार वाजता चहा करायचे." दशरथराव म्हणजे बाईंचे यजमान, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. नेमके तेव्हाच ते चहा घेऊन आले. मुलं हसली. अर्थ कळल्यावर ते म्हणाले, "करायचे? मग हा कुणी केला?"

"असू द्या हो. उद्या कंटाळलात तर वाक्य तयार हवं."

सोमवारी बाई गेल्या. झोपेतच गेल्या.

त्यानंतर दशरथरावांनी मला कुणाला हात लावू दिला नाही. खडू उडेल म्हणून भर मे महिन्यात पंखा लावला नाही. रोज चार वाजता खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायचे. फ्रेंच त्यांना येत नव्हतं, पण आपलं नाव कुठलं ते ठाऊक होतं. मला बोट न लावता, हवेतच, ते तेवढं गिरवायचे.

पहिल्या स्मृतिदिनाला त्यांचा मुलगा प्रज्ञेश बंगळुरूहून आला. बुद्धवंदनेला माणसं येणार होती. बाबा फुलं आणायला मंडईत गेले, तेव्हा त्याने खोली आवरायला घेतली. आईचा फोटो त्याला माझ्यावर लावायचा होता. त्याने बादलीत फडकं भिजवलं आणि मला कोपरान्‌कोपरा पुसून काढलं. अरे वेड्या, ती आईच होती रे! पण मी ओरडू तरी कसा?

दशरथराव दारातच थबकले.

"बघा बाबा, आईचा फळा कसा लख्ख केला."

त्यांनी फुलांची पिशवी खुर्चीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "बादलीतलं पाणी कुठे ओतलंस?"

"मोरीत. का हो?"

"काही नाही. चांगलं केलंस." ते मोरीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मित्रांनो, घरातलं जुनं काही पुसाल, टाकाल, तर आधी घरच्या माणसाला विचारा. मायेने केलेली चूकसुद्धा निस्तरता येत नाही. आपण काय पुसलं ते प्रज्ञेशला अजून ठाऊक नाही, आणि दशरथराव ते सांगणार नाहीत. ते वाक्य मला अजून शेपटीसकट पाठ आहे. पण मी पडलो फळा. कुणी लिहिल्याशिवाय मला बोलता येत नाही. आणि माझ्यावर शैलाबाई लिहायच्या.