उलट्या निशाणाचं नाणं

सत्य कितीही वर्षं दडपून ठेवलं तरी एक दिवस उजेडात येतंच, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो. त्याला कामकाजाचे साठ दिवस लागतात, परतीचं टपाल वेगळं पडतं आणि विमा ज्याचा त्याने उतरवायचा असतो.

आमच्या घरातलं सत्य आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये होतं. बॉबिन, खडूचे तुकडे, जोडी हरवलेली बटणं आणि त्यांच्यात एक नाणं. नाण्यावर जहाज. जहाजाची शिडं उजवीकडे फुगलेली आणि डोलकाठीवरचं निशाण मात्र डावीकडे फडफडतंय. वारा एकाच वेळी दोन्हीकडे वाहत नाही, हे टांकसाळीच्या लक्षात यायला म्हणे एक आठवडा लागला. मग त्यांनी साचा बदलला. त्या आठवड्यातली नाणी तेवढी दुर्मीळ झाली, असं बाबा सांगायचे.

बाबा बसस्टँडवर तिकीट खिडकीत बसायचे. एका चष्मेवाल्या प्रवाशाने खिडकीतून हे नाणं आत सरकवलं, निशाणावर बोट ठेवलं, आणि आईच्या मशीनला मोटर बसवायला म्हणून साठवलेले पैसे बाबांनी त्याच खिडकीतून बाहेर सरकवले. प्रवासी बसमध्ये बसून निघून गेला. आई पुढे पंचावन्न वर्षं मशीन पायाने चालवत राहिली.

यावरून घरात भांडण असं झालंच नाही. आई त्या दिवशी एकच शब्द बोलली, "फसलात." तो शब्द फार टिकाऊ निघाला. पाहुणे आले की बाबा ड्रॉवरमधून नाणं काढायचे आणि वाऱ्याची गोष्ट सांगायचे. नेमकं तेव्हाच आतून एखादं पातेलं जरा जोरात ठेवल्याचा आवाज यायचा. बाबा थोडं थांबायचे आणि गोष्ट पुढे न्यायचे. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. "फसलात" मात्र घरातच राहिलं.

मी पाण्याच्या मीटरचा तपासनीस होतो. तुमचं मीटर बरोबर आहे की खोटं, हे लोकांना त्यांच्याच दारात उभं राहून सांगण्यात माझी चौतीस वर्षं गेली. एवढी मीटरं तपासली आणि बापाचा शब्द तेवढा तपासायचा राहिला, ही गोष्ट निवृत्तीनंतर टोचायला लागली. आई शहाऐंशीची. तिच्या समोर, तिच्या कानांना ऐकू येतंय तोवर, बाबा फसले नव्हते हे सिद्ध करायचं मी मनावर घेतलं. बायको म्हणाली, नाहीतरी तुम्ही दिवसभर करता काय.

जुन्या नाण्यांचं दुकान किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी आहे. दुकानदाराच्या डोळ्याला कायम भिंग, म्हणून आम्ही त्यांना भिंगवालेच म्हणतो. त्यांनी नाणं पाहिलं आणि मग भिंग न काढताच मला पाहिलं. मला उगाचच माझ्यावर काही ओरखडे सापडतील असं वाटलं. ते म्हणाले, अस्सल असेल किंवा कुणी हुशारीने बनवलेलंही असेल, पण त्यांच्या मताला बाजारात कुणी विचारत नाही. त्यासाठी ग्रेडिंग कंपनीकडे पाठवायचं. ते लोक तपासतात, सत्तरपैकी गुण देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत नाणं कायमचं बंद करून वर चिठ्ठी लावतात. डबी उघडली की प्रमाणपत्र बाद. शंभरपैकी का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, पहिल्यापासून तसंच आहे. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे मला हे उत्तर पटलं.

मग खर्च. कंपनीचं सभासदत्व, कारण सभासद नसलेल्याचं नाणं ते हातात धरत नाहीत. तपासणीची फी. चूकछाप नाणं असल्यामुळे, नेमकी कोणती चूक ते शोधण्याची वेगळी फी. मी म्हटलं, चूक मी फुकट दाखवतो, तर ते चालत नाही. डबीचे पैसे. फोटोचे पैसे. जाण्याचं टपाल, येण्याचं टपाल, दोन्हीचा विमा. भिंगवाल्यांची दलाली त्यांनी अगदी शेवटी, खोकल्याच्या उबळीत सांगितली.

सगळं मिळून बरोबर एका दाताची किंमत होत होती. म्हणजे माझ्या उजव्या दाढेवर जी टोपी बसवायची होती, तिची. पैसे बाजूला काढून ठेवलेले होते. मी डाव्या बाजूने जेवायचं ठरवलं. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पातेलं जरा जोरात ठेवलं.

फॉर्म भरायला मात्र तीच बसली, कारण माझं अक्षर मलाही लागत नाही. नाण्याची अंदाजे किंमत लिहायची होती. जास्त लिहिली की फी वाढते, कमी लिहिली की वाटेत हरवल्यावर विमा कमी मिळतो. "म्हणजे हरवणार असेल तर जास्त लिहू, नसेल तर कमी," ती म्हणाली. "त्यांना विचारा, हरवणार आहे का." शेवटी आम्ही मध्यम हरवेल असा आकडा लिहिला. पुढचा प्रश्न होता, नाणं साफ केलं आहे काय, त्यावर काही प्रक्रिया केली आहे काय, त्याचा कशासाठी वापर झाला आहे काय. मी ताठ मानेने सांगितलं आणि तिने लिहिलं, नाही. पंचावन्न वर्षं ड्रॉवरमध्ये सुरक्षित ठेवलेलं आहे.

न्यायच्या दिवशी आईने स्वतः नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. ते कशासाठी जातंय हे मी तिला सांगितलं नव्हतं. नुसतंच दाखवून आणतो म्हटलं. ती म्हणाली, "परत कधी येईल?"

मी म्हटलं, दोन-तीन महिने लागतील. तिचा चेहरा उतरला. आठवड्याने तिने पुन्हा विचारलं, आलं का रे? मग दर सोमवारी. इतकी वर्षं टोमणे मारले, पण नाणं दूर गेल्यावर माणसाची आठवण झाली, असं मी बायकोला आत नेऊन सांगितलं. ती कांदा चिरत होती, त्यामुळे तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

बहात्तराव्या दिवशी पाकीट आलं. आईला खुर्चीत बसवलं, बायकोने हात पुसले, मी चष्मा लावून उभा राहिलो. निकाल बसून वाचायचा नसतो. डबी काचेसारखी स्वच्छ, आत आमचं जहाज. चिठ्ठीवर पहिला शब्द होता, अस्सल. दुसरी ओळ, चूकछाप, निशाण विरुद्ध दिशेला, पहिल्या आठवड्यातलं. मी दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या आणि मीटर खातं सोडल्यापासून पहिल्यांदाच माझा आवाज कापला.

तिसरी ओळ मी मनात वाचली. गुण दिलेले नाहीत. कडेला दोन जागी झीज. नाणं दीर्घकाळ औजार म्हणून वापरलेलं.

"पुढे काय आहे?" आईने विचारलं. तिला बारीक गोष्टी बरोबर ऐकू येतात. मी वाचून दाखवलं. कसलं औजार, कुणाची चूक झाली असेल, असं मी म्हणतोय तोवर बायकोने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मलाही दिसलं. सुईखालचा पत्रा उघडून आतला कचरा काढायचा असला की आई ड्रॉवरमध्ये हात घालायची, ते नाणं स्क्रूच्या खाचेत घालायची आणि फिरवायची. जन्मभर मी ते पाहत आलोय. आमच्या घरात त्याला वापरणं म्हणत नव्हते. मशीन साफ करणं म्हणत होते.

"पहिल्यांदा रागाने घातलं," आई म्हणाली. "म्हटलं, मोटर नाही तर नाही, या चकतीचा काहीतरी उपयोग होऊ दे. मग ते बरोबर बसतंय असं दिसलं."

"आणि बाबा?"

"त्यांना ठाऊक होतं की. नंतर नंतर तर तेच काढून हातात द्यायचे."

भिंगवाल्यांना फोन केला. गुण असते तर मोटर काय, मशीनचं दुकान आलं असतं, असं ते हळहळून म्हणाले. झिजलेल्या कडेसकट एका दाताएवढी किंमत येईल, दलाली वजा जाता. मी विकायचं नाही म्हणून सांगितलं. दाढ दुखत होती, पण मला खरंच काही वाटत नव्हतं.

आईने डबी मांडीवर घेतली होती. पहिल्या दोन ओळींवरून तिने बोट फिरवलं. "म्हणजे फसले नव्हते," ती म्हणाली.

"नव्हते."

"खरं बोलत होते."

"अक्षर न् अक्षर."

तिने डबी उजेडाकडे धरून जहाज न्याहाळलं. मी मनातल्या मनात डबीसाठी जागा ठरवत होतो. बाबांच्या फोटोखाली, मागून एखादा छोटा दिवा वगैरे. तेवढ्यात तिने डबी उलटीपालटी करून पाहिली, नख घालून पाहिलं आणि माझ्यापुढे धरली.

"आता हे प्लास्टिक तेवढं फोड," ती म्हणाली. "तू मागे कधीतरी आणलेला स्क्रूड्रायव्हर घसरतो, आणि अडीच महिने झाले, पत्र्याखाली दोरा अडकून बसलाय."